उस्तादाची बारा पाती

माझ्या धाकट्या दिराला सगळे उस्ताद म्हणतात. हे नाव त्याला दिलं कुणी? त्यानेच. एकदा दुकानात नवं गिऱ्हाईक आलं, म्हणालं, "कारागीर कोण?" तर हा छातीवर हात ठेवून म्हणाला, "मला उस्ताद म्हणतात." त्या दिवसापर्यंत दारातलं कुत्रंसुद्धा त्याला तसं म्हणत नव्हतं. मग आम्ही चेष्टेने म्हणायला लागलो, आणि चेष्टा अंगवळणी पडली.

घर सुऱ्यांचं. सासरे पोलाद तापवून, ऐरणीवर ठोकून पाती घडवायचे. आमचे हे लाकडाच्या मुठी बसवायचे आणि त्या मुठींशी जेवढं बोलायचे त्याच्या निम्मंही माझ्याशी नाही. मी तयार सुऱ्या पुसून, तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळायची. धाकटी जाऊ, म्हणजे उस्तादाची बायको, लग्न होऊन आली ती पहिल्या वर्षी भात्यावर बसली आणि पाचव्या वर्षी पात्यांना पाणी द्यायला लागली. पाणी देणं म्हणजे पातं लाल करायचं, नेमक्या घडीला तेलात बुडवायचं, मग पुन्हा थोडं शेकून त्याचा ताठा उतरवायचा. सुरीचा सगळा जीव तिथे. कमी तापलं तर धार वाकते, जास्त तापलं तर काचेसारखी उडते.

आणि उस्ताद? तो दहाला उठायचा. अंघोळ करून, केस बसवून, कातड्याचा एप्रन बांधून यायचा. त्या एप्रनवर वीस वर्षांत एक ठिणगी पडली नाही. तयार पातं उचलायचा, नखाने टिचकी मारायचा, कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "हं." एवढं झालं की चहा मागायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, केवढा मोठा माणूस! मला वाटायचं, टिचकीच मारायची तर मीही मारते, चहा मला द्या.

आमच्या घरात एक रीत होती. पातं मऊ असतानाच सासरे त्यावर ठसा मारायचे, जवाच्या दाण्याएवढी खूण. पाण्यानंतर पोलाद एवढं कडक होतं की ठसा उमटत नाही. म्हणजे पातं चांगलं निघो की वाईट, घराची खूण त्यावर आधीच बसलेली. म्हणून मग प्रत्येक पात्याची धार पितळेच्या कांबीवर दाबून बघायची. धार जराशी वाकून परत सरळ झाली तर पास. वाकडी राहिली किंवा कपचा उडाला तर ज्याने पाणी दिलं त्यानेच ते पातं शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या लोखंडी पकडीत, अडकवून, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने मोडायचं. धाकटीने माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी मोडली. एकदा एक लांब पातं, तीन दिवसांची मेहनत, जराशी धार वाकली. मी म्हटलं, "अगं, कुणाला दिसतंय?" ती म्हणाली, "ताई, मला दिसलं ना." मोडलं, हात धुतले, जेवायला बसली.

उस्तादाने एकही मोडलं नव्हतं. जो पाणीच देत नाही त्याचं पातं बिघडणार कसं?

पुढे सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ठसा कुणाकडे जायचा, हा प्रश्न आला. ठसा ज्याच्या हाती, भट्टी त्याची. उस्ताद तर आधीच मालक झाल्यासारखा वागायला लागला. रस्त्याकडची भिंत फोडून मोठी काच बसवली, का तर लोकांनी येता-जाता कारागिरी बघावी. आणि वर चार ट्यूबलाइट. लख्ख! पूर्वी आमच्या भट्टीत खिडकीला गोणपाट असायचं, दिवसासुद्धा झापड पडल्यासारखा अंधार.

धाकटी म्हणाली, "अहो, दिवे मालवा. उजेडात पात्याचा रंग कळत नाही."

"अंधारात काम करायला आपण चोर आहोत का?"

"लाल कितपत झालंय, ते दिसायला अंधार लागतो."

"ज्याला नजर आहे त्याला सूर्यासमोरही दिसतं," उस्ताद म्हणाला, आणि काचेत आपला भांग बघितला.

तेव्हापासून ती पहाटे उठून, दिवे न लावता पाणी देऊन मोकळी व्हायची. अकराला हा यायचा, काचेसमोर उभा राहून थंडगार पात्याला टिचक्या मारायचा. बाहेर माणसं थांबून बघायची. माकडवाल्याला एवढी गर्दी होत नसेल.

मग एका मोठ्या स्वयंपाकघराचा मुख्य आचारी आला. आडदांड माणूस, बोलणं मात्र मऊ. त्याला बारा सुऱ्या हव्या होत्या. सासरे म्हणाले, "ही बारा झाली की ठसा देतो आणि सुटतो." उस्ताद लगेच पुढे. "बाबा, या बारांना पाणी मी देणार. आचाऱ्यांनी स्वतः बघायला यावं."

त्या रात्री धाकटीने भाकरी ताटातच ठेवली. म्हणाली, "ताई, ठसा यांच्याकडे गेला तर बिघडलेलं पातं पुन्हा कधी मोडलं जायचं नाही. घासूनपुसून विकतील. आणि पाणी मात्र मीच देत राहणार, जन्मभर." मी इतकी वर्षं त्याला चहा करून देत होते, मीही त्यातलीच.

ठरल्या दिवशी काचेबाहेर आचारी, त्याचे दोन मदतनीस आणि रिकामटेकडे पंधरावीस. आत चारही ट्यूब पेटलेल्या. उस्तादाने पहिलं पातं भट्टीत घातलं. त्या उजेडात लालभडक पोलादही फिकट दिसतं. त्याला वाटलं, अजून व्हायचंय. धाकटी भात्याशी बसून सगळं बघत होती. एकदाच म्हणाली, "झालं, काढा." हा म्हणाला, "शिकवू नकोस." पातं पार पिवळं पडायला आलं तेव्हा त्याने ते तेलात सोडलं. भसकन धूर! बाहेर टाळ्या. अशी बाराच्या बारा.

दुसऱ्या सकाळी सासरे पितळेच्या कांबीजवळ बसले. दिसत नव्हतं, पण अंगठ्याला सगळं कळायचं. आचारी आत येऊन उभा होता. पहिली धार दाबली. टिक्. नखाएवढा कपचा उडाला. दुसरी, टिक्. पाचव्यापर्यंत आचाऱ्यानेच नजर दुसरीकडे वळवली, भला माणूस.

"पोलाद हलकं आलंय," उस्ताद म्हणाला.

"पोलाद नेहमीचंच," सासरे म्हणाले.

"तेल जुनं होतं."

"तेल मी कालच बदललं," मी म्हटलं. मला कधी नव्हे तो कंठ फुटला.

"वहिनी, तुम्ही कागद गुंडाळा."

बारावं पातं झालं. सासऱ्यांनी ते पुढे केलं. "मोड."

"बाबा, एवढ्याशा दाताने काय होतं? घासून काढतो. आचाऱ्यांना कळणारसुद्धा नाही."

आचारी तिथेच उभा होता. मऊ आवाजात म्हणाला, "मी ऐकतोय, उस्ताद."

"मोड," सासरे पुन्हा म्हणाले.

उस्तादाने पातं शेगड्यात अडकवलं. हातोडी उचलली. आणि वर बघितलं तर काचेबाहेर कालचेच पंधरावीस, नाकं चिकटवून उभे! त्यानेच बोलावलेले. हातोडी खाली आली ती हळूच, बाकावर. "उद्या मोडतो," तो म्हणाला. "आज हात जरा अवघडलाय."

सासऱ्यांनी खिशातून ठसा काढला. "पोरी, कुठे आहेस?" धाकटी पुढे झाली. त्यांनी तिचा हात चाचपला, तळव्यावरचे जुने चटके अंगठ्याने तपासले, जसे ते पातं तपासायचे, आणि ठसा त्यात ठेवून मूठ मिटली. आमच्या ह्यांनी तेवढ्यात मुठीवरची कानस थांबवली. ह्यांच्या हिशेबी ते मोठं भाषण झालं.

धाकटीने पहिलं काम काय केलं? उठून चारही बटणं बंद केली. मग काचेवर गोणपाट टांगलं. आचाऱ्याला म्हणाली, "दादा, थांबायचं तर कोपऱ्यात थांबा, आणि बोलू नका." नव्या बारांना त्याच आठवड्यात पाणी दिलं. अकरा पास झाली, एक तिने मोडलं आणि त्याच्या जागी दुसरं केलं.

मी तयार सुऱ्या गुंडाळत होते तेव्हा बाहेरून आवाज आला. उस्ताद रिकामटेकड्यांना सांगत होता, "आत मुद्दाम अंधार ठेवलाय. कल्पना माझीच."

त्याची ती बारा पाती एका पत्र्याच्या डब्यात आहेत. दुसऱ्या कुणी मोडायची नाहीत, रीत म्हणजे रीत. धाकटी रोज सकाळी तो डबा शेगड्याशेजारी ठेवते. सासरे गेले, आमचे हे गेले, उस्तादाचे केस पिकले, भांग मात्र तसाच. मी झाडताना डबा उघडून मोजते. नऊ राहिलीत.