मापवालीचा सहावा शर्ट

तिचं कपाट उघडलं तर आत एकाच कापाचे पाच शर्ट सापडतील, कॉलरवाले, पूर्ण बाह्यांचे. त्यातला एकही गरजेपोटी शिवलेला नाही. सहावा तेवढा वेगळा, पण त्याला वेळ आहे.

धंद्यानं ती फिजिओथेरपिस्ट. हा शब्द ती राहायची त्या गल्लीतल्या लोकांच्या तोंडात बसेना, म्हणून कुणी तिला व्यायामवाली म्हणे, कुणी मालिशवाली. मालिशवाली म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. शेवटी गळ्यात कायम मोजपट्टी लटकलेली म्हणून मापवाली हे नाव पडलं आणि ते तिनं मुकाट घेतलं. एका संस्थेतर्फे ती घरोघर जायची. एचआयव्ही झालेली माणसं तिच्या वाट्याला. रोजच्या गोळ्यांनी रोग ताब्यात आलेला, पण गोळ्या सुरू व्हायला उशीर झालेला. मग कुणाच्या मांड्या वाळलेल्या, कुणाचे पाय बधिर, कुणाला चार पायऱ्यांत धाप. जीव डॉक्टरांनी वाचवायचा आणि वाचलेल्या जिवाला उठवून उभं करायचं हिनं, अशी वाटणी.

कामाचे नियम ठरलेले. स्कूटर दोन गल्ल्या अलीकडं लावायची. पिशवीवर संस्थेचं नाव नको, घरात कागद ठेवायचा नाही. आणि रोग्यानं स्वतः सांगितलं नसेल तर त्याच्या सख्ख्या माणसापुढंही रोगाचं नाव काढायचं नाही. नियम चांगलेच होते. एका घरात नाव फुटलं आणि त्या माणसाला सार्वजनिक नळाला हात लावू देईनात, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हापासून ती ओठ शिवल्यासारखी वागायची.

शिंपीमास्तरांकडं ती पहिल्यांदा गेली तेव्हा पायमशीनवर चादर टाकलेली होती आणि मास्तर त्या चादरीकडं पाठ करून बसले होते. वय चाळीसच्या आत. घोट्याखाली काही कळत नव्हतं. मोज्यात कापूस भरून त्यावर उभं केल्यासारखं वाटतं, असं ते म्हणाले. हातशिलाई चालायची, बटणं लागायची, पण पायडलवर पाय ठेवला की तो आहे कुठं तेच समजेना. बायकोनं इलेक्ट्रिक मोटर बसवू म्हटलं, तर तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

"माझं मशीन माझ्या पायानं चाललं पाहिजे," ते मापवालीला म्हणाले. "तेवढं करून द्या. बाकी मी काही मागत नाही."

घरात तिघंच. मास्तर, त्यांची बायको, म्हातारी आई. रोगाचं बायकोला ठाऊक होतं. आईला सांगायचं नाही, ही मास्तरांनी घातलेली अट. आईच्या मते मुलाच्या पायात गारठा शिरला होता. मग ही बाई आठवड्यातून दोनदा येते कशाला? तर शर्ट शिवायला. गळ्यात मोजपट्टी होतीच. कापड घेऊन यायचं, दार लोटायचं, आणि आत टाचा उचला, टाचा टेका. शर्ट मास्तर मागाहून हातानंच शिवायचे. शेजारणी म्हणायच्या, बाईला शर्टांचं भलतंच वेड, आणि माप तरी किती वेळा द्यायचं, आठवड्याला फुगते की काय? मास्तर हे ऐकून पोट धरून हसायचे. पोटरीला मोजपट्टी लावली की विचारायचे, "कॉलर किती ठेवू?"

काम मात्र शिस्तीत चाललं. आधी खुर्चीतून हात न लावता उठणं. मग मोरीच्या कट्ट्याला धरून टाचांवर, चवड्यांवर. मग फरशीच्या सांध्यावरून पावलाला पाऊल लावत चालणं. पायाला कळत नाही तर डोळ्यांना कळू दे, असं तिनं सांगितलं. पायडलवर खडूनं दोन पावलं आखून दिली आणि पाय तिथं आहे का ते बघत राहायचं, कानानं मशीनचा ठेका ऐकायचा. तळव्याचं काम डोळ्याकानाला लावून दिलं म्हणा. दोन महिने सुई कापडात अडकायची, चाक उलटं फिरायचं, दोरा तुटायचा. तिसऱ्या महिन्यात एक सरळ शिवण पार पडली, वीतभर. मास्तरांनी ती दिव्यापुढं धरून बघितली आणि वाईट आहे म्हणून उसवून टाकली. मापवालीला वाटलं, आता हा माणूस बरा होतोय.

बधिर पायाची काळजी तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. अनवाणी फिरायचं नाही. रोज आरशात तळवा बघायचा. आणि शेक द्यायचा नाही, कुठलाच, कारण भाजलं तरी पायाला कळणार नाही. हे सगळं तिनं सांगितलं बायकोला, मोरीत, नळ सोडून, दबक्या आवाजात, गोळ्यांच्या वेळेबरोबर आणि रक्ततपासणीच्या तारखेबरोबर. म्हातारी बाहेर भाजी निवडत बसली होती. तिला शेकाचं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, का नको, गारठ्याला शेक नाही तर काय द्यायचं, आणि मग त्या 'का'ला उत्तर द्यावं लागलं असतं. पुढं कधीतरी बघू, असं मापवालीनं मनात म्हटलं. रोगाचं नाव झाकता झाकता ज्यात झाकण्यासारखं काही नव्हतं ते वाक्यही त्याच फडक्याखाली गेलं.

थंडी पडली. एका दुपारी बायको बाहेर गेलेली, मास्तर जेवून झोपलेले. म्हातारीनं मुलाच्या पायाला हात लावला, तो बर्फासारखा. तिनं रबरी पिशवीत उकळतं पाणी भरलं, फडक्यात गुंडाळली, उजव्या पायाखाली सारली आणि वरून पांघरूण घातलं. मुलगा हललासुद्धा नाही. त्याला बरं वाटतंय असं समजून तीही शेजारी लवंडली.

तळव्याला फोड आला तो जवळजवळ चवड्याएवढा. मास्तरांना दुखलं काहीच नाही. संध्याकाळी पांघरूण ओलं कशानं झालं म्हणून बघितलं तेव्हा कळलं. मापवाली दुसऱ्या दिवशी सकाळी आली, पाय बघितला, आणि कापडाची पिशवी तिच्या हातातच राहिली. तिनं तसंच त्यांना दवाखान्यात नेलं. जखम चिघळली. एक बोट गेलं, मग आणखी दोन. दीड महिन्यानं मास्तर घरी आले ते कुबड्यांवर, आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

त्या दिवशी मापवालीनं स्कूटर दारातच लावली. दोन गल्ल्या चालण्याचं बळ तिच्यात नव्हतं. म्हातारी उंबऱ्यात बसली होती. तिनं बस म्हटलं नाही.

"गोळ्यांची बाटली रोज सकाळी मी हलवून बघते," म्हातारी म्हणाली. "संपत आल्या की सुनेच्या पिशवीत दिसेल अशी ठेवते. कसल्या आहेत ते मला ठाऊक आहे, पोरी. त्याला वाटतं मला ठाऊक नाही, तर वाटू दे."

मापवालीनं गळ्यातली मोजपट्टी काढून मुठीत गुंडाळली.

"ते तू लपवलंस, बरं केलंस. पण शेकू नको, एवढं मला सांगायला कुणाची परवानगी लागत होती?"

चूक झाली, मावशी, एवढंच तिला म्हणता आलं. म्हातारीनं मान हलवली. माफ केलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते मापवालीला आजही सांगता येणार नाही. संस्थेत तिनं झालं तसं लिहून दिलं. साहेब म्हणाले, असं होतं. ती म्हणाली, होत नाही, मी केलं.

जाणं तिनं सोडलं नाही. मास्तर व्यायाम करायचे, पण दुसऱ्याचं ओझं उचलावं तसे. डाव्या पायावर मशीन चालवून बघू, असं ती एकदा म्हणाली. तो पायही बधिरच होता. तो त्यांनी पायडलवर ठेवला, खडूच्या पुसट पावलावर, आणि बघत बसले. मग उचलून घेतला. पुन्हा ठेवला नाही.

वसंत संपता संपता एका सकाळी गल्लीत शिरताना तिला मशीनचा आवाज आला. ती थांबली. ठेका अडखळत होता, पण होता. ती जवळजवळ पळतच दारात गेली.

मशीनपुढं म्हातारी बसली होती. पाय तिचे. शेजारी खुर्ची ओढून मास्तर वाकले होते, हातांनी कापड सरकवत होते आणि आईवर डाफरत होते, हळू, आई, कापड पळून चाललंय का कुठं? थांब म्हटलं की थांबत जा. म्हातारी जन्मात मशीनवर बसली नव्हती. ती थांबायची तेव्हा सुई चार टाके पुढं गेलेली असायची. कापड मापवालीचंच होतं, थंडीत आणलेलं.

तोच सहावा शर्ट. खांद्याची शिवण वाकडी, एक बाही बोटभर आखूड. मास्तरांनी तो तिच्या हातात दिला तेव्हा उसवतो असं म्हणाले नाहीत. तिनं तो तिथंच घालून बघितला.

"आता आईच्या गुडघ्यांचं बघा," मास्तर म्हणाले. "ते मशीन तिला झेपत नाही."

मापवालीनं म्हातारीचे गुडघे चाचपले. सुजलेले होते. चार व्यायाम दाखवले आणि सवयीनं म्हणून गेली, "आणि मावशी, तुम्ही संध्याकाळी गरम पाण्याच्या पिशवीनं शेका. तुम्हाला चालतं. तुमच्या पायाला कळतं."

म्हातारीनं मुलाच्या पायाकडं बघितलं नाही. मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"पिशवी कुठाय आता घरात," ती म्हणाली, आणि परत पायडलवर पाय ठेवले.