मुलगा बघायला

कांदेपोह्यांचा वास आला की न्यूझीलंडमधल्या रोटोटुनाच्या हॉलमधली ती दुपार आठवते. घरातली कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहिलेली गोष्ट भीतभीत वाचत होते. गोष्टीत मुलगी मुलाला बघायला येते, तो पोह्यांचा ट्रे आणतो आणि तिची आई म्हणते, "जरा चालून दाखव रे." जमलेले मंडळाचे सगळे खदखदून हसले. संपादककाका डोळे पुसत म्हणाले, "भारी गं! विनोदी विभागात टाकू." मी अडखळले, "काका, हा विनोद नाहीये. पुण्यात माझ्या ताईला असंच चालायला लावलं होतं. मी फक्त तिच्या जागी मुलगा घातला." काकांचं हसू गेलं. "मग नको छापायला. पुरुषांचा अपमान होतो." मी कागद पिशवीत घातले. 'आणि ताईचा झाला नव्हता?' एवढंच विचारायचं होतं. विचारलं नाही, याचा राग अजून जात नाही.