चार टाक्यांचं एक पाणी

कुणाच्याही घरी नळाच्या कामाला गेले की चाचा आधी नळ सोडायचे, धारेखाली बोट धरायचे आणि ते बोट जिभेला लावायचे. मग डोळे बारीक करून क्षणभर उभे. तोवर खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचे नाहीत. "पयले चव, मंग पाना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तुम्हाला हसू येईल. मलाही आलं होतं. पण चाचांचं गाव अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं खारं पाणी लोखंडी पाइप दोन-तीन वर्षांत खाऊन टाकतं. पाइप लोखंडाचा टाकायचा की प्लास्टिकचा, हे तिकडे जीभ ठरवते. अमरावतीत येऊन चाचांना वर्षं झाली होती, केस पिकले होते, पण ही सवय गेली नव्हती.

आमची ओळख झाली ती लहान मुलांच्या एका दवाखान्यात. मी बीएस्सी, प्राणिशास्त्र. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात भाजी विकतात आणि गिऱ्हाइकाला मेथीच्या जुडीबरोबर माझी पदवीही सांगतात. त्या पदवीवर मला मिळालेली पहिली नोकरी म्हणजे दवाखान्यातले मासे सांभाळणं. डॉक्टरांना समुद्रातल्या माशांचा नाद होता. पेशंट बसतात त्या हॉलमध्ये भिंतीला लागून काचेच्या चार टाक्या, त्यांत नारिंगी-निळे मासे आणि दगडांवर वाढणारं प्रवाळ. सुईच्या भीतीनं रडणारं पोर टाकीसमोर आणलं की गप्प व्हायचं. बाया मला नर्स समजून औषध विचारायच्या. मी म्हणायचे, "मी माशांची."

पण चार टाक्यांची चार पाणी होती. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. एका टाकीतलं पाणी जास्त उडायचं, तिथलं मीठ चढायचं. दुसरी खिडकीजवळ, ती तापायची. दर आठवड्याला काहीतरी मरायचं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हा उन्हाळा बघू. नाही जमलं तर विकून टाकू." टाक्या गेल्या की माझी नोकरीही गेली, हे त्यांनी वेगळं सांगायची गरज नव्हती.

मी नेट कॅफेत बसून वाचलं, कागद छापून आणले. उपाय होता. मागच्या खोलीत, टाक्यांच्या पातळीच्या खाली, एक मोठी टाकी ठेवायची. वरच्या चारही टाक्यांचं पाणी पाइपानं त्यात उतरवायचं आणि पंपानं परत वर चढवायचं. चार टाक्यांचं पाणी एक झालं की ते सावकाश तापतं, सावकाश खारं होतं. तीन प्लंबरांना कागद दाखवले. तिघांनीही ते उलटे धरून पाहिले आणि गेले. चौथे चाचा.

त्यांचं खरं काम शेतातलं. विहिरीचे पंप, संत्र्याच्या बागांचं ठिबक. पण त्या वर्षांत विहिरी आटल्या, लोकांनी बागा तोडल्या, ठिबकाच्या नळ्या गुंडाळून गोठ्यांवर टाकल्या. चाचा शहरात नळ दुरुस्त करू लागले होते. हॉलमध्ये आल्या आल्या त्यांनी टाकीत बोट बुडवलं, चाखलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"बेटा, हे तं आमच्या गावचं पाणी हाय."

मी त्यांना मिठाचं पोतं दाखवलं. मुंबईहून येतं, फिल्टरच्या गोड पाण्यात कालवायचं, असं सांगितलं. चाचा स्टुलावर बसले.

"आमच्या बाया गोड्या पाण्यासाठी कोसभर जाऊन राह्यल्या, अन् तुमी इथं गोड्याचं खारं करून राह्यल्या?"

दुसऱ्या दिवशी ते एक कॅन घेऊन आले. गावच्या विहिरीचं पाणी. येणाऱ्या एसटीत कुणाच्या तरी हाती मागवलं होतं. "घ्या. कावून मुंबईले जाता? लागलं तं टँकर भरून आणतो." मी मीटरनं मोजलं. समुद्राच्या पासंगालाही नव्हतं, आणि त्यातली मिठंही वेगळी. मी तसं सांगितलं. चाचांनी वाकून मीटरचा काटा पाहिला.

"म्हंजे कापसाच्या पऱ्हाटीले खारं अन् माशाले फिक्कं," ते म्हणाले. "मंग हे पाणी हाय तरी कोनाचं?"

कॅनमधलं पाणी त्यांनी मोरीत ओतलं आणि माप घ्यायला लागले.

आमची पहिली चकमक पितळेवरून झाली. मी प्लास्टिकचे व्हॉल्व लिहून दिले होते. चाचांनी आणले पितळेचे, चकचकीत. डॉक्टरांचं काम, मग स्वस्तातलं कसं लावायचं, हा त्यांचा हिशेब. मी सांगितलं, पितळेत तांबं असतं, ते खाऱ्या पाण्यात उतरतं आणि प्रवाळ मरतं. त्यांना ते लागलं. एकेक व्हॉल्व त्यांनी फडक्यात गुंडाळून परत पिशवीत ठेवला. "साऱ्या जिंदगीत कोनी म्हटलं नाई का चाचा पितळ नको लावू."

दुसरी चकमक माझ्यावर उलटली. त्या दिवसांत भारनियमन होतं. दवाखान्यात जनरेटर होता, पण डॉक्टरांचा नियम असा की जनरेटर लेकरांसाठी, माशांसाठी नाही. म्हणजे रोज दुपारी दोनला पंप बंद पडणार. पंप बंद पडला की काय होतं? वर चढणाऱ्या पाइपाचं तोंड टाकीत बुडालेलं असतं. पिंपातून नळी लावून डिझेल काढतात, तसं तो पाइप वरचं पाणी खाली ओढत राहतो. खालची टाकी भरते आणि वाहते. माझ्या कागदात याला इलाज होता, एनआरव्ही. पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप.

"एनआरव्हीच्या भरोशावर राहू नका," चाचा म्हणाले. "शेतात हजार लावले म्या. एक कचरा अडकला का उघडीच राह्यते."

"चाचा, इथे शेतातला गाळ नाही. कागदात लिहिलंय."

"ज्यानं लिवलं त्याच्या गावची लाईट जाते का?"

मी हट्ट सोडला नाही. त्यांनी झडप बसवली. मग खालच्या टाकीच्या काचेवर खडूची रेघ मारली. पाणी इथपर्यंत येऊन थांबलं पाहिजे, एवढंच म्हणाले.

मासे आणि प्रवाळ टबांत काढून ठेवलं होतं. मंगळवारी टाक्यांत साधं पाणी भरून पंप चालू केला. दोनला लाईट गेली. मागच्या खोलीत आम्ही दोघं वाकून बसलो. पाणी रेघेपर्यंत आलं. रेघेच्या वर गेलं. काठाला लागलं. मग फरशीवर आलं, दाराखालून हॉलमध्ये गेलं, आणि बाकाखाली काढून ठेवलेल्या चपला तरंगायला लागल्या. डॉक्टर बाहेर आले. पँट वर ओढून त्यांनी सगळं पाहिलं. "टबात किती दिवस जगतील?" त्यांनी मला विचारलं.

"शनिवारपर्यंत."

"मग शनिवारी ठरवू," म्हणाले आणि आत गेले.

चाचांनी झडप उघडली. करवतीनं पाइप कापताना उडालेला प्लास्टिकचा एक कपटा, नखाएवढा, झडपेत बसला होता. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. मी बोलणी ऐकायच्या तयारीत होते. ते म्हणाले, "साधं पाणी होतं ते बरं झालं. चला, मले एक खिळा द्या."

खिळा पकडीत धरून चाचा रस्ता ओलांडून समोरच्या चहावाल्याकडे गेले, स्टोव्हवर तो लाल केला आणि तसाच धरून परत आले. रिक्षावाले थांबून पाहत होते. चाचांनी तो वर चढणाऱ्या पाइपात, पाण्याच्या पातळीच्या बोटभर खाली, खुपसला. अशा चार फेऱ्या. चार टाक्या, चार भोकं.

"आठवडाभर एक थेंब गळू नये म्हणून मरमर केली आणि आता तुम्हीच भोकं पाडता?"

"हे गळाले नाई. हवा घ्याले. पाणी बोटभर उतरलं का भोक उघडं पडते, पाइप हवा घेते, वढणं बंद."

लाईट आल्यावर आम्ही पंप चालू केला. मग चाचा म्हणाले, "आता बंद करा." खालचं पाणी चढलं, वर पाइपात गुडगुड झालं आणि पाणी रेघेच्या चार बोटं खाली थांबलं. मला नाचावंसं वाटलं. चाचा म्हणाले, "पुन्हा बंद करा." त्या दिवशी अकरा वेळा बंद केलं. मी विचारलं, किती वेळा पाहायचं? "लाईट रोज जाते नं?"

शनिवारी मासे टाक्यांत होते. डॉक्टर दोनच्या ठोक्याला येऊन उभे राहिले, पाणी थांबलेलं पाहिलं, मान हलवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तेवढ्यावर माझी नोकरी राहिली.

काम संपलं, पण चाचा दर शुक्रवारी नमाज झाल्यावर यायचे. इस्त्रीचा कुर्ता, अत्तराचा वास आणि खिशात बारीक तार. भोकांत शेवाळ धरतं, ते साफ करायला. ते काम मी करू शकले असते. पण त्यांना काहीतरी विचारायचं असायचं. एकदा मी प्रवाळाला खाणं घालत होते. "हे दगड हाय का झाड?" मी सांगितलं, जनावर आहे. "मंग तोंड कुठं हाय?" मी टॉर्चनं दाखवलं. हजार तोंडं, एकेक मोहरीएवढं, उघडत होतं.

"चालत नाई, फिरत नाई. मंग पोट कसं भरते?"

"पाणी जे आणून देईल ते खातं."

मागच्या खोलीतून पंपाची घरघर येत होती. "म्हंजे माह्या पाइपाच्या भरोशावर हाय ते," ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी चारही भोकं दोनदा साफ केली.

तीन उन्हाळे गेले. शेतातलं काम परतलं नाही, शहरात नवे प्लंबर आले. मुलं पुण्याला बांधकामांवर होती, त्यांनी चाचांना बोलावून घेतलं. जायच्या आदल्या दिवशी ते चाचींना घेऊन आले. इतकी वर्षं इथे काम केलं, पण चाचींनी ते कधी पाहिलं नव्हतं. बुरखा वर करून त्या काचेजवळ गेल्या. चाचांनी त्यांना थेट मागच्या खोलीत नेलं आणि खाली बसून एकेक जोड दाखवला. चाची दारातून मान वळवून माशांकडेच बघत होत्या.

मग दोघं हॉलमध्ये पेशंटांच्या बाकावर बसले. दोनला पंखे थांबले, पंपाचा आवाज बंद पडला. चाचींनी त्यांचा हात धरला.

"आवाज क्यूं बंद हुई?"

"लाईट गई."

"फिर?"

"फिर कुछ नै. बैठ."

मी मागच्या खोलीकडे निघाले. इतक्या वर्षांत ते इथे असताना लाईट गेली आणि चाचा उठून त्या रेघेपाशी गेले नाहीत, असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी ते उठले नाहीत. पाठ टेकून, मांडीवर हात ठेवून, समोरच्या टाकीत एक नारिंगी मासा येरझारा घालत होता त्याच्याकडे पाहत राहिले.

मी आतून परत आल्यावरही "पाणी थांबलं का?" असं त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, रेघेच्या खाली थांबलं.

"हो," ते म्हणाले, माशावरची नजर न काढता. "याचं नाव काय हाय?"