आठवं बेट

ताई रागीट आहे हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत आणि ताई घराच्या मागच्या खोलीत त्यात प्लास्टर ओतून साचा काढायची, मेणात एकेक दात बसवायची, घासूनपुसून कवळी चकचकीत करायची. माप वाकडं आलं की थेट फोन लावायची. "डॉक्टर, हे तोंडाचं माप आहे की चिखलात रुतलेल्या बुटाचं?" डॉक्टर मुकाट्यानं दुसरं माप पाठवत, कारण ताईची कवळी घालून माणूस सफरचंद चावू शकायचा.

पण गेलं वर्षभर तिचं डोकं फिरलेलं होतं ते कवळ्यांमुळे नव्हे. ते एका केकच्या फोटोमुळे.

दर रविवारी जेवणं आटोपली की ताईच्या पुढच्या खोलीतल्या गोल टेबलाभोवती चौघं जमत. ताई, तिचा थोरला भाऊ दादा, शाळेत भूमिती शिकवणारे मास्तर आणि नाक्यावरचा कुलूपवाला. टेबलावर नकाशा पसरलेला असायचा. ताई सांगायची, "वादळ सुटलंय, शिडाची दोरी तुटलीय, काय करता?" आणि बाकीचे तिघं त्या समुद्रातली माणसं होऊन आपण काय करतो ते सांगायचे. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा, आकडा मोठा तर जमलं, लहान तर फसलं. तरुणपणी लागलेला हा नाद केस पिकले तरी सुटला नव्हता. दादानं जन्मभर दुकानात कापड मोजून दिलं, पण त्या टेबलावर तो नावाडी होता, आणि असा की मास्तरांसारखा शंकेखोर माणूसही त्याच्या होडीत निर्धास्त बसायचा. टेबलाचा कायदा एकच होता. ज्याचा फासा त्यानंच वाचायचा, दुसऱ्यानं मान वाकडी करून बघायचं नाही. इथे सगळं विश्वासावर चालतं, असं ताईनंच पहिल्या दिवशी बजावलं होतं.

त्या समुद्राचं नाव आठ दिव्यांचा समुद्र. एका कंपनीनं कधीकाळी तो नकाशे-पुस्तकांसकट खोक्यात घालून विकला होता. आठ बेटं, प्रत्येकावर एक दीपगृह. सात बेटांची माहिती खोक्यात होती. आठव्याच्या जागी नुसतं धुकं काढलेलं, आणि खाली लिहिलेलं, 'पुढच्या भागात'. पुढचा भाग कधी आलाच नाही. कंपनीला विकायला दुसरं काहीतरी सापडलं आणि समुद्र अर्धवट सोडून ती मोकळी झाली. तेव्हापासून देशोदेशीचे शौकीन त्या धुक्यात काय असेल यावर तर्क लढवत बसले होते.

ताई तर्क लढवत बसली नाही. तिनं बेट बनवलं. साच्यांसाठी जे कडक पिवळं प्लास्टर असतं त्याचा तिनं डोंगर ओतला. मेण कोरायच्या हत्यारांनी त्यात कडे कोरले, धक्का कोरला, धक्क्यावरून वर जाणाऱ्या पायऱ्या, नखाएवढ्या घरांना खिडक्या, आणि टोकाला दीपगृह. रंगवून पांढऱ्या फडक्याखाली झाकून ते कपाटावर ठेवलं. होडी तिथे पोचेपर्यंत फडकं उचलायचं नाही, असं तिनं स्वतःशीच ठरवलं होतं. "राक्षसाची कवळी आहे का, ताई?" कुलूपवाल्यानं विचारलं, तर ताई चक्क हसली होती.

आणि होडी अगदी धुक्याच्या तोंडाशी आलेली असताना तो केक उपटला.

कंपनीनं आपल्या कचेरीच्या वाढदिवसाचा फोटो टाकला होता. केकवर आठ मेणबत्त्या, सात पेटलेल्या, एक विझलेली. मास्तरांनी मोबाईलवर तो फोटो इतका मोठा केला की नुसते ठिपके दिसायला लागले.

"ताई, हा योगायोग नाही," मास्तर म्हणाले. "समुद्र परत येतोय. आठवं बेट येतंय."

"वाऱ्यानं विझली असेल."

"नेमकी आठवीच?"

"बरं, मग होडी वळवू की काय आता?"

"वळवू नका, थांबवा. खरं बेट येऊ दे. आपण आपलं काहीतरी खेळून बसायचो आणि उद्या ते चुकीचं निघायचं."

खरं बेट! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग कपाटावर काय होतं, खोटं? ज्या कंपनीनं इतकी वर्षं ढुंकून पाहिलं नाही तिचं खरं, आणि रविवारमागून रविवार या माणसांना चहा पाजून जिनं समुद्र जिवंत ठेवला तिचं खोटं? पण ती बोलली नाही. 'माझं बेट बघा हो' म्हणणं तिला भीक मागितल्यासारखं वाटलं. तिनं दादाकडे पाहिलं. दादा तरी म्हणेल, घाल गं होडी धुक्यात.

"थांबू या," दादा म्हणाला. "काय घाई आहे?"

झालं. होडी धुक्यापाशी नांगर टाकून उभी राहिली ती राहिलीच. रविवारी माणसं यायची, पण खेळायला नाही, तर्क करायला. कुणा चित्रकारानं म्हणे चित्राच्या कोपऱ्यात दीपगृह काढलं. कंपनीनं म्हणे नोकरीच्या जाहिरातीत 'समुद्राची आवड असलेला' माणूस मागितला. मास्तर हे सगळं प्रमेय मांडल्यासारखं मांडायचे. कुलूपवाला 'असेल बुवा' म्हणत बिस्किटं संपवायचा. आणि दादाला तर नवं तोंड फुटलं होतं. खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून तो तासन्‌तास सांगत बसायचा, बेटावर माणसं असतील की नुसताच दिवा असेल, दिवा कोण लावत असेल. त्याला घ्यायला-सोडायला आता मास्तर जायचे, कारण गुडघे दुखतात म्हणून त्यानं स्कूटर विकली होती. एवढी फुकटची बडबड ऐकताना ताईला वाटायचं, या सगळ्यांच्या तोंडात प्लास्टर ओतावं.

दादावर तिचा राग दुहेरी होता. केक यायच्या आदल्या रविवारी त्यानं फासा टाकून "सतरा" असं म्हटलं होतं. कप उचलता उचलता ताईची नजर चुकून फाशावर गेली, तर फाशावर तीन. दादा धडधडीत खोटं बोलला होता! ज्या भावानं लहानपणी एका खोट्यासाठी तिला हाताला धरून बाईंच्या घरी माफी मागायला नेलं होतं, तो भाऊ. तिनं ते गिळलं. पण पुढच्याच रविवारी तो "थांबू या" म्हणाला तेव्हा तिनं मनात म्हटलं, बरोबर आहे, चोरी पकडली जाण्यापेक्षा खेळच बंद झालेला बरा.

वर्षानं पुन्हा केक आला. मास्तर धापा टाकतच दादाला घेऊन आत शिरले. "ताई, या वेळी नऊ! नऊ मेणबत्त्या! म्हणजे नववं बेटसुद्धा..."

ताईनं त्यांच्या हातातला मोबाईल काढून घेतला, साखरेच्या डब्यात टाकला आणि वर झाकण लावलं.

"अहो मास्तर, पोरांना गणित शिकवता ना तुम्ही? कचेरीला आठ वर्षं झाली म्हणून आठ होत्या, आता नऊ झाली म्हणून नऊ! वर्ष गेलं माझं या मेणबत्त्यांपायी! तुम्हाला बेट नकोच आहे. तुम्हाला वाट बघायला हवी आहे, कारण वाट बघताना काही बुडत नाही. आता बुडेल. नांगराचा दोर तुटला. होडी धुक्यात शिरलीय आणि समोर खडक आहे. दादा, सुकाणू तुझ्या हातात आहे. टाक फासा."

"छोटे, आज राहू दे," दादा म्हणाला.

"खडक राहू देणार आहे का? टाक!"

कुलूपवाल्यानं फासा दादाच्या तळव्यावर ठेवला. दादानं टाकला. फासा गडगडत टेबलाच्या मध्यावर थांबला. दादा पुढे वाकला, मान जराशी तिरकी केली, थोडा वेळ बघत राहिला.

"चार," तो म्हणाला. "बुडालो."

कायदा मोडून तिघांच्याही माना वळल्या होत्या. फाशावर वीस होते. त्याच्या वर काही नाहीच. लबाडी करणारा माणूस चाराला वीस म्हणेल, विसाला चार कोण म्हणेल?

ताईनं दादाच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "दादा, तुला फासा दिसत नाही."

"मधलं दिसत नाही," दादा म्हणाला. "कडेचं दिसतं. तुझ्या मागची खिडकी दिसते, तू दिसत नाहीस. गेलं ते परत यायचं नाही म्हणाले डॉक्टर."

"कधीपासून?"

"केकच्या आधीपासून. हळूहळू गेलं. तेव्हा अंदाजानं आकडे सांगायचो."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"ज्याला फासा वाचता येत नाही तो टेबलावर काय करणार? तर्क करायला डोळे लागत नाहीत, छोटे. तेवढं तरी तुमच्यात बसता येत होतं."

मास्तर साखरेच्या डब्याकडे बघत राहिले. ताई मात्र उसळली. "अरे, तो कायदा मी केला होता! मीच मोडला असता! तुला वाचून दाखवायला या घरात माणसं नव्हती का?" तिनं खुर्ची ढकलली, कपाटावरून बेट उतरवलं, फडकं ओढून भिरकावलं आणि दादाचे दोन्ही हात धरून त्यावर दाबले.

"हे काय?"

"आठवं बेट."

कापडाचा पोत नुसता चाचपून सांगणारी ती बोटं कड्यांवरून फिरली, घरांवरून फिरली, एका खिडकीत नख अडकलं.

"कधी केलंस?"

"केकच्या आधी."

बोटं थांबली. "तेव्हा दिसलं असतं गं मला," दादा म्हणाला. "धूसर का होईना, दिसलं असतं."

ताईला कंपनीचा राग आला, मास्तरांचा आला, दादाचा आला. सगळ्यात जास्त त्या फडक्याचा आला. ते तिचं तिनंच घातलं होतं.

"दीपगृहाला रंग कुठला दिलायस?"

"लाल."

"आणि या पायऱ्या ना?"

"पायऱ्या."

"ओल्या आहेत?"

"शेवाळ आहे त्यांच्यावर," ताई खेकसली, आणि तिचा आवाज फाटला. "वीस पडलेत तुझे. होडी धक्क्याला लागलीय. हळू उतर."