राळ्याची उशी

माझ्या लेकीचं डोकं मागून जरा चपटं आहे, हे मला आजवर निम्म्या कोल्हापुरानं सांगून झालंय. मंडईत सांगतात, लग्नाच्या पंगतीत सांगतात, एकदा तर रिक्षावाल्यानं आरशातून बघून सांगितलं. त्या प्रत्येकाला राळ्याची उशी म्हणजे काय ते माहीत असतं आणि मी ती का वापरली नाही याचं त्यांना फार वाईट वाटतं. मला मात्र वाईट वाटत नाही, राग येतो. तो कशाचा, ते सांगते.

दवाखान्यातून घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं मला आणि आईला समोर बसवून सगळं नीट सांगितलं होतं. बाळाला झोपवायचं ते पाठीवर, कुशीवर नाही आणि पालथं तर नाहीच. गादी सपाट आणि घट्ट हवी. पाळण्यात उशी, रजई, खेळणी काही नको आणि तोंडावर कापड मुळीच नको. पाळणा तुझ्याच खोलीत ठेव, पण पाजताना डोळा लागतोय असं वाटलं तर बाळाला आधी पाळण्यात ठेव आणि मग झोप. खोली बंद करून आत शेगडी पेटवू नका. एवढंच. यात न कळण्यासारखं काय आहे? आई नुसती मान हलवत होती.

घरी आलो आणि पहिल्याच दिवसापासून झटापट सुरू झाली. बाळ बघायला येणारी प्रत्येक बाई पाळण्यात डोकावायची आणि तिच्या हाताला काहीतरी झाकायची खाज सुटायची. वारं लागेल म्हणून शेजारच्या काकू टोपडं पार डोळ्यांपर्यंत ओढायच्या. दुसरी कुणीतरी दृष्ट लागेल म्हणून तोंडावर दुपटं टाकायची. मी काढायची, त्या परत घालायच्या. मी शिक्षिका आहे, शाळेत अख्खा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करते, पण बाळंतिणीचं कोण ऐकतंय? मी चिडले की आई म्हणायची, जाऊ दे, मोठी माणसं हायत. त्या ‘जाऊ दे’ची मला अशी चीड यायची की वाटायचं, हिला पोरीची काळजी आहे की नाही.

मला एक थोरला भाऊ होता. माझ्या जन्माआधीच, दोनेक महिन्यांचा असताना झोपेत गेला. त्याच्याबद्दल आमच्या घरात एकच वाक्य बोललं जायचं, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं. बाळाच्या पाचवीला सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात, तेव्हा पुढं कुणी काही विचारायचा प्रश्नच नाही. सिस्टरचं ऐकल्यावर मी आईला विचारलं, तो कसा झोपला होता गं? आई दूध उतू जातंय म्हणून उठून गेली. गॅसवर दूध नव्हतं.

मग बारसं आलं. माझं सासर जयसिंगपूरचं. तिकडून दोन गाड्या भरून माणसं आली आणि त्यात नवऱ्याच्या आत्या होत्या. आत्याबाईंचा शब्द त्या घरात कुणी ओलांडत नाही. त्यांनी स्वतः शिवून राळ्याची उशी आणली होती. लाल खणाची छोटी पिशवी, आत राळं म्हणजे मोहरीएवढं बारीक धान्य भरलेलं. बाळाचं डोकं त्या बारीक दाण्यात रुतून बसतं आणि गोल होतं, असं सगळ्या म्हणतात. उशी सुरेख होती, खोटं कशाला बोलू. पण ती बघताच मला सिस्टरचे शब्द आठवले.

आमच्याकडं बारशाला वरवंट्याला कुंची घालून बाळासारखं सजवतात, पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात आणि पोर असंच दणकट होऊ दे म्हणून पाळण्यात बाळाशेजारी ठेवतात. त्यालाही माझी हरकत नव्हती. पोर जागी होती, भोवती बायका होत्या. पण मग आहेर सुरू झाले. आणलेली वस्तू बाळाच्या अंगाला लागली पाहिजे, तरच देणाऱ्याचा मान राहतो. म्हणून झबली, दुपटी, खुळखुळे आणि कुणीतरी आणलेली जाडजूड मऊ रजई, सगळं एकावर एक पाळण्यात पडलं. प्रत्येकीनं आपल्या आहेराबरोबर फोटो काढला. पाळणा म्हणून झाला, कानात नाव सांगून झालं आणि त्या पसाऱ्यात माझी लेक झोपून गेली.

पसारा काढते म्हणून मी हात घातला, तेवढ्यात मला ओटी भरायला बाहेरच्या खोलीत बोलावलं. मी म्हटलं, आधी हे काढू दे. आत्याबाई म्हणाल्या, आधी ओटी, पसारा काय पळून जातोय का. नवरा पत्रावळ्या मांडत होता. तोही म्हणाला, दोनच मिनिटं गं. आणि मी बसले. या दोन मिनिटांवर आपल्याकडं काय काय सोडलेलं असतं, याचा मला आजही संताप येतो.

पदरात तांदूळ पडले, नारळ पडला. ओटी पदरात घेऊन बाईनं मध्येच उठायचं नसतं. एक झाली की दुसरी यायची, कुंकू लावायची, तांदूळ घालायची. आतून कसलाच आवाज येत नव्हता. कुणीतरी कौतुकानं म्हणालं, किती शहाणी पोर, गप झोपलीया. ते ऐकलं आणि मी ताडकन उठले. नारळ घरंगळत गेला, तांदूळ सगळ्या खोलीभर झाले. मी आत धावले.

कुणीतरी जाता-येता पाळण्याला झोका दिला असणार. वरवंटा घरंगळून तिच्या पाठीला लागला होता आणि त्याच्या रेट्यानं ती कुशीवर वळली होती. डोक्याखाली कुणीतरी राळ्याची उशी सरकवलेली होती आणि तिचं नाक-तोंड त्या उशीत रुतलं होतं. वरून ती मऊ रजई डोक्यापर्यंत आली होती. मी तिला ओढून वर घेतलं. अंग घामानं चिंब, चेहरा लालभडक. एक क्षण ती काहीच करेना. मग तिनं असा टाहो फोडला की मी तिला घेऊन तिथंच खाली बसले.

माझ्या मागोमाग सगळ्या आत आल्या. मी काय काय बोलले ते मला धड आठवत नाही, पण त्यात सासूबाईंसमोर बोलू नये असं बरंच होतं. आत्याबाईंना लागलं ते भलतंच. भरली ओटी सांडली, अपशकुन केलास, म्हणाल्या. मग वरवंट्याची कुंची नीट करत त्या म्हणाल्या, “एवढं काय झालंय? आमी चार पोरं अशीच वाढिवली की.”

दारात आई उभी होती. हातात घुगऱ्यांचं पातेलं.

“माझं न्हाय वाढलं,” आई म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. आईनं पातेलं खाली ठेवलं. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

“तोंडावर वाकळ हुती. मीच काढली. अंग गार पडलं हुतं. तवापास्नं एकानं इचारलं न्हाय, पोराला कसं झोपिवलं हुतंस. सटवाईवर घातलं आन सगळी मोकळी झाली. मी न्हाय झाले.”

मग तिनं पाळणा रिकामा करायला घेतला. रजई, दुपटी, खुळखुळे, एकेक बाहेर. वरवंट्याची कुंची काढून तो स्वयंपाकघरात पाट्यावर नेऊन ठेवला. सासूबाई बाहेरच्या खोलीत खाली बसून तांदूळ गोळा करायला लागल्या. मी पोरीला छातीशी धरून आईकडं बघत होते आणि माझा राग कुठं ठेवावा ते मला कळत नव्हतं. माझा भाऊ त्या गोधडीमुळंच गेला असं आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण विचारायला काय झालं होतं? एका बाईनं इतकी वर्षं ते एकटीनं उराशी धरलं आणि घरातल्या जाणत्यांनी, माझ्या वडिलांसकट, तिच्या तोंडावर नशीब टाकलं. ‘जाऊ दे’ हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

आत्याबाई पाळण्याशी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, पोचलं यांना. मग त्या हळूच म्हणाल्या, “उशी तेवढी ऱ्हाऊ द्या. न्हाईतर डोकं चपटं हुतंय.”

“हू दे चपटं,” आई म्हणाली आणि उशी त्यांच्या हातात दिली.

तर डोकं थोडं चपटं झालं. डॉक्टर म्हणाले, जागी असताना समोर बसून पालथं घालत जा, हळूहळू भरून येईल. आलंही बरंच. आता केसांखाली हात घातला तरच कळतं, तरीही बघणाऱ्यांना ते दिसतंच. लेक आता घरभर पळते, आईचा पदर ओढते आणि आत्याबाईंना बघून पलंगाखाली लपते.

परवा तिला न्हाऊ घालताना आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मी सहज विचारलं, दादाचं डोकं कसं होतं गं? आई पाणी घालायची थांबली.

“गोल,” म्हणाली. “लई सुरेख गोल हुतं.”