जिनिंगचं मागचं दार

ते प्रकरण आठवलं की आजही घास गोड लागत नाही. तेव्हा मी अमरावती ग्रामीण पोलिसांत होतो. चांदूर बाजार रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, भरदुपारी कापसाला आग लागली आणि आत काम करणारी एक मजूरबाई गेली. मागच्या दाराजवळ सापडली. दार उघडंच होतं, बाई धुरात गांगरली असेल, असा जबाब मॅनेजरने दिला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली.

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. "सायेब, लोक तिच्या नवऱ्याले म्हणून राह्यले, तुही बायको बावळट होती. थे बावळट नोती. दाराले कुलूप होतं." फोन बंद.

मी पुन्हा दार पाहायला गेलो. कडी-कोयंडा काजळीने काळा ठिक्कर, पण मधोमध कुलपाएवढी जागा स्वच्छ. म्हणजे आगीच्या वेळी कुलूप लटकत होतं, नंतर कुणीतरी काढलं. पंचांसमक्ष फोटो घेतले आणि मॅनेजरला ठाण्यात आणलं.

पन्नाशीचा, सज्जन माणूस. दमदाटी करणारा आरोपी परवडतो. हा प्रत्येक प्रश्नाला "हो सायेब" म्हणायचा. शेवटी मी भडकलो. "एकदा तरी नाही म्हण ना बाप्पा!" तेव्हा तो हमसून रडायला लागला.

जिनिंगचे भागीदार दोन. काका कापसाची खरेदी पाहत, भाई मशीन सांभाळत. काकांचा हुकूम: रुई चोरीला जाते, मागचं दार बंद ठेव. भाईंचा हुकूम: आगीचं काम आहे, दार उघडं ठेव. याने दोघांनाही हो म्हटलं. फाटकावरच्या चौकीदाराला शिकवून ठेवलं. काकांची गाडी दिसली की एक घंटा, भाईंची दिसली की दोन. एका घंटेला कुलूप लागायचं, दोन घंटांना निघायचं. अशी कित्येक वर्षं! ऐकता ऐकता मी लिहायचा थांबलो.

"अन् त्या दिवशी?"

"काकाची घंटा झाली, म्या कुलूप लावलं. तेवढ्यात भाईची झाली. काका तं समोरच उभे. म्हटलं, भाईले आधी चहा देतो, काका गेले का मंग उघडतो. चहा देतच होतो, अन् बोंब झाली. आग इझल्यावर कुलूप म्याच काढलं."

"दोघांना एकदा समोरासमोर का नाही बसवलंस?"

"नोकरी गेली असती ना, सायेब."

खुनाची प्रकरणं मी बरीच हाताळली, पण असं उत्तर कधी ऐकलं नव्हतं. भागीदारांचे जबाब घेतले. दोघंही म्हणाले, "मी त्याले सांगतलंच होतं." दोघंही खरं बोलत होते. एकमेकांना कधी विचारलंत का, म्हटल्यावर दोघांच्याही माना खाली. निष्काळजीपणाचा गुन्हा मी तिघांवर दाखल केला.

सगळ्यांची मर्जी सांभाळणारा माणूस मला पूर्वी फार गुणाचा वाटायचा. मीही दोन वरिष्ठांच्या उलटसुलट हुकमांना "जी सर" म्हणून वेळ मारून नेत असे. त्यानंतर नाही नेली. शिव्या खाल्ल्या, एक बदलीही पत्करली.

तिच्या नवऱ्याला सांगायला मी स्वतः गेलो. "तुझी बायको गांगरली नव्हती. बरोबर दारापर्यंत पोचली होती."

 तो म्हणाला, "मंग तिनं दार ठोकलं असंन, सायेब. आयकाले कोणीच नोतं काय?"