बायकोच्या सुजेचा तोरा

मी तिसरीपर्यंतच शिकलो, पण खोटं लिहीत नाही. थोरल्या भावावर मी जळत होतो. वेगळे निघालो तरी मधली भिंत एकच. वहिनी दोन्ही बाळंतपणांत कशा भरून आल्या होत्या! माझी बायको मात्र काडी. बाया मला ऐकू जाईल असं बोलायच्या, "खायले देते का नाही तिले?"

साठ सालाच्या आधीची गोष्ट. बायकोला आठवा लागला आणि ओटीसाठी कासार बांगड्या भरायला आला. तिच्या मापाच्या बांगड्या मनगटावर चढेनात. तोंडही गोल झालेलं. कासार म्हणाला, "हात भरला, पाटील." मी सगळ्यांसमोर मोठ्या मापाच्या बांगड्या भरायला लावल्या आणि भावाकडे पाहिलं. म्हटलं, पाह्य आता!

वहिनींनी तिच्या नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला, तो भरेना.

"भाऊजी, हे अंग नोहे, सूज हाय. नर्सबाईले दाखवा."

"काहून वहिनी, पाहवत नाही का तुमाले?"

त्यांनी मला न विचारता नर्सबाईला आणलं. बाईनं दंडाला पट्टा आवळून दाब पाहिला. मग नळीत लघवी घेऊन दिव्यावर तापवली, ती नासलेल्या दुधावानी झाली.

"दाब लई चढला. आजच पुसदले न्या. झटके आले तर दोघंही जातील."

"माझी बायको माझ्या घरीच बाळंत होईन," मी म्हटलं. भाऊ शिकवणार, वहिनी शिकवणार, आता ही नर्सबाईसुद्धा!

दोन दिवसांनी भर उन्हात बायको डोकं धरून अंगणात बसली. "अवं, मले तुमचं तोंड दिसून नाही राह्यलं."

भावानं आपल्या बैलांची दमणी जुंपली. माझे बैल वावरात होते. त्याच्याच दमणीत मी खाली मान घालून बसलो.

दवाखान्यात तिला अंधाऱ्या खोलीत डाव्या कुशीवर निजवलं, गुंगीची इंजेक्शनं दिली. चौथ्या दिवशी पोरगी झाली, ओंजळीएवढी. कापसात गुंडाळून ठेवली. दोघी वाचल्या. शुद्धीवर येताच बायको म्हणाली, "वहिनीले बोलवा." मी समोरच उभा होतो.

डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या खेपेलाही दाब चढू शकतो. म्हणून दुसऱ्या वेळी पहिल्या महिन्यापासूनच मी तिला नर्सबाईकडे नेत होतो. कोणाच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. दाब बरा निघाला की बायको म्हणायची, "आधी वहिनीले सांगून या."

मी जायचो. तेवढं सांगून येईपर्यंत जीव नुसता जळायचा.